वडिलांचं दाढीचं मशीन

पाबळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला मस्तानीची समाधी आठवते. आम्हा गावकऱ्यांना आधी पाणी आठवतं, म्हणजे ते नसणं. हा पाण्याचा विषय माझ्या दाढीत कसा शिरला ते पुढे येईलच.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. आमच्या खात्यात धूळ फार. मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून दाढी रोज करावी लागते. तीन पात्यांचं रेझर वापरायचो. त्याचं एक कार्ट्रिज दीडशे रुपयांच्या घरात गेलं, तसं मी ते महिनाभर ताणायला लागलो आणि माझी मान पुरळ आल्यासारखी लाल दिसायला लागली. त्या दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर आत वडिलांचं दाढीचं मशीन. वडील एसटीत कंडक्टर होते. घोटून दाढी केल्याशिवाय खाकी अंगात घालायचे नाहीत. आईनं ते मशीन हातात घेतलं, काही न बोलता मोरीत नेलं आणि चिंच लावून घासून दिलं. मुलामा कधीच उडाला होता. खालचं पितळ लख्ख निघालं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. एवढ्या काळात जे कळलं ते असं.

१. मशीन साधंच घ्या.

दांडा, खालची पट्टी आणि वरची टोपी, एवढे तीनच तुकडे. मध्ये पातं ठेवायचं आणि दांडा पिळायचा. टोपी पात्याला किंचित वाकवते, त्यामुळे ते ताठ राहतं आणि दोन्ही कडा सारख्या बाहेर डोकावतात. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाला याचं पेटंट १९०४ साली मिळालं आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. आपल्या फायद्याची गोष्ट म्हणजे दुधारी पात्याचं माप सगळीकडे एकच. वडिलांच्या मशीनमध्ये आजच्या दुकानातलं पातं मुकाट बसलं. घरात जुनं नसेल तर दोन-अडीचशेचं धातूचं मशीन पुरतं. घेताना पातं बसवून उजेडात धरा. एका बाजूला कड जास्त बाहेर दिसली तर ते मशीन परत द्या, मग दुकानदार काही का म्हणेना.

२. पाती शंभर घेऊ नका.

ही चूक मी केली. कुठल्यातरी परदेशी पात्याची तारीफ ऐकली आणि नऊशे रुपयांचं शंभराचं खोकं मागवलं. पातं उत्तम असेलही, पण माझ्या मानेला ते सोसवेना. शेवटी खोकं चुलतभावाला दिलं. तो शिलाईकाम करतो, त्यानं उसवणीला वापरलं. टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक अशी नेहमीची पाती दोन ते पाच रुपयांना एक या भावात मिळतात. एकेक पाकीट आणा, आठवडाभर वापरा, मग ठरवा. कुणाचं कातडं काय मागतं ते दुसऱ्याला सांगता येत नाही.

३. आधी पाणी बघा.

पहिले पंधरा दिवस माझा फेसच टिकत नव्हता. ब्रश गोल गोल फिरवून मनगट दुखायचं. चेहऱ्यावर मात्र दह्याच्या निवळीसारखं काहीतरी उरायचं. मला वाटलं क्रीम भिकार, म्हणून क्रीम बदललं. मग वाटलं ब्रश. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात साबणाला फेस कुठून येणार?"

आमच्या बोअरचं पाणी जड आहे. बादलीला पांढरा थर धरतो, हीटरच्या कॉइलवर खडा साचतो. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका करतात आणि फेस व्हायचा साबण त्यातच संपतो. स्वयंपाकाला आणलेल्या फिल्टरच्या जारमधलं तांब्याभर पाणी घेतलं आणि त्याच क्रीमला, त्याच ब्रशला साय धरल्यासारखा फेस आला. तांब्याभर पुरतं, अख्खी बादली नको. जारचं पाणी नसेल तर बोअरचं पाणी उकळा, गार होऊ द्या, आणि खाली बसलेला थर न हलवता वरचं घ्या. सगळा जडपणा जात नाही, पण बराच उतरतो. पावसाळ्यात पागोळीचं पाणी साठवता आलं तर दाढीला त्याच्यासारखं पाणी नाही.

आणि घाई करू नका. कोमट पाण्यानं भिजवून फेस दोन मिनिटं तसाच राहू द्या. कोरडा केस तारेसारखा असतो, भिजला की नरमतो.

४. रंधा आठवा.

दहावीनंतर मी गावातल्याच विज्ञान आश्रमात वर्षभर शिकलो. हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली पाबळला आले आणि हातानं काम करत शिकायची ही शाळा त्यांनी उभी केली. मी तिथे सुतारकाम, वेल्डिंग असलं शिकलो. रंधा दाबून मारला की लाकूड फाटायचं. दाब नव्हे, कोन धर, हे इतक्यांदा ऐकलं होतं, तरी स्वतःच्या गालावर आल्यावर विसरलो.

तीन पात्यांच्या रेझरचं डोकं हलतं. आपण दाबलं तर ते मागे सरतं आणि आपली चूक पोटात घालतं. हे मशीन चूक पोटात घालत नाही. पहिल्याच दिवशी सवयीनं दाबलं आणि हनुवटीखाली दोन ठिकाणी, ओठाच्या वर एका ठिकाणी कापलं. वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून पहिल्या पाळीला गेलो. बसमध्ये कुणी काही विचारलं नाही, पण सगळ्यांनी बघितलं.

आता असं करतो. टोपी गालाला टेकवतो, दांडा गालाशी काटकोनात. मग दांडा हळूहळू खाली आणतो. जिथे पातं केसाला लागल्याचा खर्र आवाज येतो तिथे थांबतो. साधारण तीस अंशांचा कोन होतो, पण अंश मोजू नका, कान द्या. दांडा टोकाकडे दोन बोटांत धरायचा आणि मशीनचं जेवढं वजन तेवढाच भार. हात बोटाच्या पेरापेक्षा लांब मारायचा नाही. मधूनमधून पातं पाण्यात खळखळून घ्यायचं.

रंध्याची दुसरी शिकवणही इथे लागू पडते. लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा मारला की चिरफळ्या निघतात. दाढीलाही रेषा असते. पहिला महिना फक्त सुलटी दाढी करा. थोडी खरखर राहिली तरी राहू द्या.

५. मान मामांकडून शिका.

माझ्या मानेवरचे केस खालून वर वाढत नाहीत की वरून खालीही नाहीत. डावीकडचे आडवे, उजवीकडे भोवरा. हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. आमच्या सलूनमधल्या मामांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी दोन दिवस दाढी वाढवून यायला सांगितलं, माझंच बोट धरून मानेवर फिरवलं आणि कुठे अडतं ते दाखवलं. डाव्या हाताच्या बोटांनी कातडं कानाकडे ताणायचं, पातं सपाट जागेवरच चालवायचं, हेही त्यांचंच.

मामा पूर्वी पट्ट्यावर धार लावलेला वस्तरा वापरायचे. एड्सची भीती पसरली त्या काळात दर गिऱ्हाइकाला नवं पातं आलं. कागदातल्या कागदात पातं मोडायचं आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं. म्हणजे माझ्या मशीनमधलं पातं आणि त्यांच्या वस्तऱ्यातलं एकच. फरक हाताचा. "घरी करायला लागलास म्हणजे आमचं गिऱ्हाईक गेलं," असं ते म्हणाले खरे, पण शिकवताना काही हातचं राखलं नाही. केस कापायला मी अजून त्यांच्याकडेच जातो.

६. तुरटी.

दाढीनंतर गार पाणी, मग ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा. किराणा दुकानात दहा-वीस रुपयांचा खडा वर्षभर जातो. जिथे चरचरतं तिथे आज दाबलं होतं असं समजा. वासाच्या महागड्या बाटलीपेक्षा मला याचा उपयोग जास्त झाला.

७. हिशोब खरा मांडा.

पूर्वी महिन्याला एक कार्ट्रिज, म्हणजे वर्षाला अठराशे. आता एक पातं चार दाढ्या चालतं. महिन्याला सव्वीस दाढ्या धरल्या तर वर्षाला अठ्ठ्याहत्तर पाती, तीन रुपयांनी दोनशे चौतीस रुपये. मी हे घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकोनं वही ओढून घेतली आणि खाली लिहिलं: ब्रश अडीचशे, परदेशी खोकं नऊशे, मशीन आणि ब्रश टांगायचा स्टँड साडेचारशे. बेरीज अठराशे चौतीस. पहिल्या वर्षी मी चौतीस रुपये जास्त घालवले होते. ब्रश लागतोच. बाकीचे साडेतेराशे माझ्या हौसेचे.

८. वापरलेलं पातं उघडं टाकू नका.

पूर्वी वापरलेलं कार्ट्रिज मी केरात टाकायचो. सुटं पातं तसं टाकता येत नाही. घंटागाडीवरची माणसं हातानं केर चाळतात, आणि उकिरड्यावर गाई तोंड घालतात. मी पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकण पक्कं बसवलं आणि वर करवतीनं पात्याएवढी फट पाडली. दोन वर्षांची दीडशेच्या वर पाती त्यात गेली, तरी डबा अर्धाही भरलेला नाही. भरला की फट ठोकून बंद करून भंगारवाल्याला द्यायचा, आत काय आहे ते सांगून. मशीन घ्यायच्या आधी घरात असा एक डबा शोधून ठेवा.