कुत्रा पिंजऱ्यात किती वेळ ठेवायचा?

मार्च संपत आला की दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, आम्ही दोघंही ड्युटीवर. सकाळी नवाला पिंजऱ्यात टाकतो, संध्याकाळी सहाला काढतो. चालते ना?" विचारणारी माणसं निष्ठुर नसतात. कुत्र्याला लसी वेळेवर, खाणं चांगलं, पिंजराही वेल्डिंगवाल्याकडून मजबूत करून घेतलेला. घोळ असतो तो तासांच्या हिशोबात.

आधी उत्तर देतो, मग कारणं. धडधाकट, पूर्ण वाढलेला कुत्रा दिवसा सलग चार तास पिंजऱ्यात राहू शकतो, त्याहून जास्त ठेवू नये. रात्री घरात सामसूम असताना सात-आठ तास चालतात, कारण तेव्हा तो झोपतोच आणि लघवीही कमी तयार होते. पण हे दोन्ही आकडे वेगवेगळे वाचू नका, त्यांची बेरीज करा. दिवसाचे नऊ आणि रात्रीचे आठ म्हणजे 17 तास झाले. उरलेल्या सात तासांत तुमचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, बाजारहाट आणि टीव्ही. त्यातून कुत्र्याच्या वाट्याला खरोखर किती वेळ येतो, तो कागदावर लिहून पाहा.

"पण तो आठ तास लघवी रोखून धरतो की!" हे नेहमीचं उत्तर. धरतो, कारण झोपायची जागा घाण न करणं हे त्याच्या रक्तात आहे. रोजच असं होत राहिलं तर लघवी मूत्राशयात तुंबून राहते, पाणी प्यायचं तो स्वतःहून कमी करतो, आणि जंतुसंसर्ग व खडे होण्याचा धोका वाढतो. लघवीतून रक्त जातंय म्हणून आणलेल्या कुत्र्याबद्दल मी आधी खाण्याचं विचारत नाही, दिवसभरात बाहेर कितीदा नेता ते विचारतो.

पिलांचं गणित वेगळं. पिलाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ही वरची मर्यादा. दोन महिन्यांच्या पिलाला तीन तास, तेही रोज नाही. रात्री एकदा उठून त्याला बाहेर न्यावं लागतं, त्याला पर्याय नाही. जन्मून पाच आठवडे झाले नाहीत तोच दलालाकडून पिल्लू आणतात आणि ते पिंजऱ्यात रडतं म्हणून गोळी मागायला येतात. श्वान प्रजनन व विक्रीचे 2017 चे केंद्राचे नियम आठ आठवड्यांआधी पिल्लू विकूच देत नाहीत. त्या वयात ते आईच्या अंगाला चिकटून झोपायला हवं, लोखंडी गजांना नाही.

पिंजऱ्यात फार राहिलेला कुत्रा मालकाने तोंड उघडण्याआधी टेबलावर ओळखू येतो. नखं वाढून वळलेली असतात, कारण चालून ती झिजलेलीच नसतात. पुढच्या पायाला आतल्या बाजूने जे वरचं नख असतं, ते कधी गोल फिरून मांसात घुसलेलं सापडतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कोपरावरचे केस गेलेले, तिथे काळा, जाड घट्टा. मग ओठ वर करून सुळे पाहायचे. सुळ्याची मागची बाजू खरवडल्यासारखी झिजलेली असेल तर हा गडी गज चावत बसतो. हाडं चघळून दात झिजतात, पण ही झीज तशी नसते, ती नेमकी सुळ्यामागे असते. काहींचा पुढचा पाय एकाच जागी चाटून चाटून लाल झालेला असतो. मलम देऊन ही जखम बरी होत नाही. मालक मलम बदलून मागतात, मी दिनक्रम बदलायला सांगतो, आणि यात दोघांचाही थोडा हिरमोड होतो.

आता उन्हाबद्दल. वर सांगितलेले चार तास थंडी-पावसातले आहेत. मे महिन्यात आपल्या यवतमाळात पारा 44-45 ला जातो, तेव्हा हा हिशोब मोडीत काढा. गच्चीवर टिनाचं शेड, त्याखाली लोखंडी पिंजरा, हे दृश्य शहराच्या नव्या वस्त्यांत सर्रास दिसतं. टिनाखाली दुपारी हवा बाहेरच्यापेक्षाही तापते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळी उष्णता त्याने धापा टाकून बाहेर काढायची. मोकळा कुत्रा अशा वेळी नळाखालची ओली माती उकरतो, मोरीत जाऊन पसरतो, जिन्याखालच्या फरशीवर पोट टेकतो. पिंजऱ्यातल्याला यातलं काहीच करता येत नाही. म्हणून एप्रिल ते जून, आणि नवतप्यात तर नक्कीच, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा गच्चीवर, अंगणात किंवा गाडीत बंद करणं अर्धा तासही नको.

कूलरवाल्यांनाही एक सांगायचं आहे. खिडक्या-दारं लावून खोलीत कूलर सुरू ठेवायचा आणि कुत्र्याला आत सोडून जायचं, यात आपण भलं केलं असं वाटतं. हवा खेळती नसेल तर त्या खोलीत दमटपणा साचतो आणि दमट हवेत धापा टाकून अंग थंड होत नाही. त्यात दुपारी लाइट गेली की आनंदच. कूलर लावायचाच तर समोरची खिडकी उघडी हवी. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांना विदर्भाच्या उन्हाळ्यात घरात माणूस नसताना बंद करूच नये. खरं तर हस्की इथे आणूच नये, पण तो सल्ला विचारायला कुणी आधी येत नाही.

ऊन लागल्याची खूण अशी: धाप थांबत नाही, लाळ चिकट, घट्ट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते, उलटी किंवा रक्ताची हगवण होते. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. ते 106 च्या वर गेलं की मेंदू, किडनी, आतडी सगळ्यांना धोका. अशा वेळी आधी थंड करा, मग दवाखाना गाठा. सावलीत घेऊन नळाचं साधं पाणी अंगभर ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून तसाच ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतो. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पाजा, पण जबरदस्तीने घशात ओतू नका. थर्मामीटर 103 वर आलं की पाणी ओतणं थांबवा आणि निघा. पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम काहीही देऊ नका. हा ताप नव्हे, उष्माघात आहे. त्या गोळ्यांनी तो उतरत तर नाहीच, उलट यकृत, पोट किंवा किडनीला इजा होते.

पिंजरा करून घेताना माप कुत्र्याचं घ्या, कोपऱ्यातल्या जागेचं नको. मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, जागच्या जागी वळता आलं पाहिजे, चारही पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे. लॅब्रॅडॉरला झोपण्यापुरता म्हटला तरी साधारण 42 इंच लांब, 28 रुंद, 30 उंच लागतो. हे फक्त झोपायचं माप झालं, दिवस काढायचं नव्हे. खाली गज किंवा जाळी ठेवू नका, पंजे फाटतात आणि बोटं फाकतात. प्लायवूड टाकून वर बारदाना अंथरा, तो दर आठवड्याला उन्हात झटका, नाहीतर फटींत गोचिड्या घर करतात. पाण्याचं भांडं जड हवं. हलकं स्टीलचं भांडं पहिल्या दहा मिनिटांत सांडतं आणि कुत्रा दिवसभर तहानलेला राहतो.

पिंजऱ्याची सवय लावायची असेल तर दार उघडं ठेवून तिथेच जेवण द्या. आठ-पंधरा दिवस दार लावूच नका. मग पाच मिनिटं, दहा मिनिटं असं वाढवत न्या, आणि तुम्ही समोर असताना. शिक्षा म्हणून आत कधीच कोंडू नका. कोंडल्यावर जो तोंडातून फेस येईपर्यंत धापा टाकतो, पंजे रक्ताळतात तरी खरवडत राहतो, त्याला पिंजऱ्याची सवय होत नसते. त्याला एकटेपणाची धास्ती आहे आणि पिंजरा ती वाढवतो. त्याच्यासाठी दाराला अर्धी जाळी लावलेली खोली बरी, आणि शक्य असेल तर घरातले आजी-आजोबा त्याहून बरे.

शेतावरच्या साखळीचा प्रश्न वेगळा, पण जातकुळी तीच. रानडुक्कर आणि रोह्यांच्या पायी जागलीला कुत्रा लागतोच. पण बांधावर आखूड साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याला पळून चुकवू शकत नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला, झरी जामणी-पांढरकवडा पट्ट्यात रात्री कुत्रा भक्कम पिंजऱ्यात किंवा गोठ्यात बंद करणारे शेतकरी शहाणपणाचं करतात, फक्त पहाटे त्याला सोडलं पाहिजे. दिवसा बांधायचाच असेल तर दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर फिरती कडी घाला, म्हणजे त्याला निदान येरझारा घालता येतील. कपाशीवर फवारणी सुरू असेल त्या दिवशी मात्र त्याला शेतात बांधूच नका. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते या जिल्ह्याला सांगायला नको. बांधलेला कुत्रा त्या वाऱ्यातून बाजूला होऊ शकत नाही आणि अंगावर पडलेलं औषध चाटून पोटात घेतो.

कायदा यावर गप्प नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आला. हालचाल करता येणार नाही इतका लहान पिंजरा, अवाजवी आखूड किंवा जड साखळी, आणि कायम बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय, हे तिन्ही त्याच्या 11 व्या कलमात गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये! आजच्या भावात त्यात धड कोंबडीही येत नाही, त्यामुळे त्या दंडाच्या धाकाने कुणी कुत्रा सोडेल असं मला वाटत नाही. त्या कायद्यात तासांचा आकडा नाही. पण वाहतुकीच्या 1978 च्या नियमांत प्रवासातल्या कुत्र्याला उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यायला सांगितलं आहे. धामणगावहून रेल्वेच्या डॉग बॉक्समधून जाणाऱ्या कुत्र्याला जे मिळायला हवं, ते घरच्या कुत्र्याला मिळू नये, याला काय म्हणायचं? स्वीडनमध्ये घरातल्या कुत्र्यालाही दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावं लागतं.

पिंजरा हाच औषध असतो असाही प्रसंग येतो. गाडीखाली येऊन मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला, तर सहा-आठ आठवडे पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती मीच लिहून देतो. तेव्हाही दर चार-पाच तासांनी पट्ट्याला धरून लघवीपुरतं बाहेर न्यायचं. "बिचारा कंटाळला" म्हणून मोकळा सोडला की रॉड हलतो. इथे दया दाखवू नका.

ड्युटीवाल्या जोडप्याला मी सांगतो ते असं: सकाळी निघण्याआधी पाऊण तास चालवा, नुसतं गेटबाहेर नेऊन आणू नका. दुपारच्या सुट्टीत दोघांपैकी एकाने घरी यावं. यवतमाळात कचेरी ते घर दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, पुण्या-मुंबईवाल्यांनी हेवा करावा अशी सोय आहे. ती जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या पोराला महिन्याचे पैसे ठरवून द्या.

लग्नसराई तोंडावर आहे, म्हणून एक शेवटचं. दोन दिवस गावाला जाताना कुत्र्याला पिंजऱ्यात बंद करून मोठ्या भांड्यात पाणी ठेवणं चालत नाही, एक रात्रसुद्धा नाही. किल्ली शेजाऱ्याकडे द्या. पण किल्ली देण्याआधी आठवडाभर त्या शेजाऱ्याच्या हातून कुत्र्याला रोज जेवण द्या, एकदा त्याच्यासोबत फिरायला पाठवा, आणि रेबीजच्या लसीची तारीख पाहून घ्या. अनोळखी माणूस रिकाम्या घरात शिरून पिंजऱ्याचं दार उघडतो, तेव्हा चांगला कुत्राही चावतो.