पुरुषांमधील अस्थिसुषिरता : मनगटाने दिलेली सूचना

हाडे ठिसूळ होणे हा बायकांचा आजार, अशी समजूत आपल्याकडे पक्की रुजलेली आहे. ती निम्मीच खरी आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने झिजतात हे खरे. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या दर पाच पुरुषांपैकी सुमारे एकाला उर्वरित आयुष्यात ठिसूळ हाडांमुळे अस्थिभंग होतो, असे जागतिक अंदाज सांगतात. इतकेच नव्हे, खुबा मोडल्यानंतर पहिल्या वर्षात दगावण्याचा धोका पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक असतो.

अस्थिरोग विभागात वारंवार दिसणारे एक चित्र येथे मांडतो. सत्तरीचे गृहस्थ न्हाणीघरात पाय घसरून पडतात, खुबा मोडतो, शस्त्रक्रिया होते. "वय झालं, पडले, मोडलं," असे म्हणून घरची मंडळी समाधान करून घेतात. चार-पाच वर्षांपूर्वी अशाच साध्या पडण्याने मनगट मोडले होते, हे कुणी विचारले तरच आठवते. तेव्हा प्लास्टर निघाले आणि प्रकरण मिटले. वस्तुतः उभ्या उंचीवरून पडून निरोगी हाड सहसा मोडत नाही. मनगटाने दिलेली ती सूचना होती व ती वाचायची राहून गेली. हा दोष केवळ नातेवाइकांचा नाही; हाड जोडून मोकळे होणाऱ्या आम्हा वैद्यकांचाही आहे.

पुरुषांच्या बाबतीत शोध घेतल्यास अस्थिसुषिरतेमागे पुष्कळदा दुसरे कारण सापडते. दमा किंवा संधिवात यांसाठी तीन महिन्यांहून अधिक काळ पोटात घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हे त्यांतील महत्त्वाचे कारण. गुडघेदुखीवर हमखास गुण येतो म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळते. अशी पुडी लपवू नये, डॉक्टरांना दाखवावी. मात्र घाबरून एकाएकी बंदही करू नये, कारण त्यातून वेगळाच धोका उद्भवतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावर पुरुषी संप्रेरक दाबणारे उपचार, अतिमद्यपान, धूम्रपान, थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता आणि अपस्मारावरील काही औषधे यांनीही हाडे पोखरतात.

निदानासाठी 'डेक्सा' तपासणी केली जाते. रुग्णाला टेबलावर झोपवून कंबरेच्या मणक्यांची व खुब्याची घनता अत्यल्प क्ष-किरणांनी मोजतात. सुई नाही, वेदना नाही. घनतेचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेल्यास अस्थिसुषिरता मानावी, हा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये मांडला. शिबिरांतून टाचेवर यंत्र लावून होणारी चाचणी ही निव्वळ चाळणी होय. तिच्या आधारे औषध सुरू करणे योग्य नाही.

मग सरसकट सर्व पुरुषांची तपासणी करावी काय? त्याने लाभ होतोच असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये काढला. तेथीलच अंतःस्रावी तज्ज्ञांच्या संघटनेने मात्र २०१२ मध्ये सत्तरीपुढील पुरुषांची, तसेच पन्नास ते एकोणसत्तर वयातील जोखीम असलेल्यांची तपासणी सुचविली होती. देणगीदारांपुढे स्पष्ट मत मांडावयाचे, तर मोठ्या शिबिराचे छायाचित्र अहवालात शोभून दिसते; परंतु प्लास्टर काढावयास आलेल्या पन्नाशीपुढील प्रत्येक रुग्णाची विचारपूस करून गरजूंची डेक्सा विनामूल्य करणे, हा त्याच पैशाचा अधिक सार्थ विनियोग ठरेल. अस्थिभंग झालेल्यांनाच पुढचा अस्थिभंग होण्याची शक्यता सर्वाधिक असते.

निदान झाल्यास प्रभावी औषधे उपलब्ध आहेत. आठवड्यातून एकदा घ्यावयाची ॲलेन्ड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेस इजा होते. पुष्कळांची औषधे याच कारणाने सुटतात. आहारात नाचणी, तीळ, दूध-दही असावे. भारतात ऊन मुबलक असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याचीही पूर्तता करावी.

आणि वडिलांची उंची पूर्वीपेक्षा तीन-चार सेंटिमीटरने घटलेली किंवा पाठीस नव्याने पोक आलेले दिसल्यास मणक्यांचा एक्स-रे अवश्य काढून घ्यावा. मणक्याचे हाड पुष्कळदा कळ न येताच दबते.