हवामानाची ओढ

चार माणसे एकत्र जमली की क्षेमकुशल होताच बोलणे आभाळाकडे वळते. ही ओढ केवळ वेळ घालवण्यासाठी आहे काय? तिची कारणे आपण क्रमाने पाहू.

पहिले कारण पोटाचे. आपल्या बेळगाव परिसराचेच उदाहरण घेऊ. सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोलीस वर्षाकाठी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो; तेथून पूर्वेस असलेल्या बेळगावास सुमारे १३००, तर आणखी पूर्वेस विजापुराकडे ६०० च्या आसपास. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे घाट चढताना थंड होऊन आपले पाणी तेथेच सांडतात. पलीकडे उतरताना ते उबदार व कोरडे होत जातात. म्हणूनच आपल्या एकाच जिल्ह्यात पश्चिमेस भात, तर पूर्वेस ज्वारी पिकते. पश्चिमेकडील शेतकरी वळवाच्या ओलीवर मशागत उरकून भाताची धूळवाफ पेरणी करतो. बियाणे मातीत गेले की त्याची वर्षाची मिळकत आभाळाच्या स्वाधीन होते. पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी आणि तिच्यापाठोपाठ कर्ज! अशा माणसाची दृष्टी ढगांवर खिळावी, यात नवल ते काय?

दुसरे कारण जिज्ञासेचे. उद्या सूर्य उगवेल काय, असे कोणी विचारीत नाही; कारण उत्तर ठाऊक असते. पावसाचे तसे नाही. मृगामागून आर्द्रा येणार हे निश्चित. पण पाणी किती पडेल हे अनिश्चित. जेथे थोडे कळते व थोडे कळत नाही, तेथेच मन अधिक गुंतते. म्हणून पूर्वजांनी नक्षत्रांना वाहने कल्पिली. बेडूक, म्हैस वा हत्ती असल्यास पाऊस भरपूर, कोल्हा वा मेंढा असल्यास कमी, असा ठोकताळा बांधला. त्यास शास्त्राचा आधार नाही. पण त्यामागील प्रश्न खरा होता.

तोच प्रश्न शास्त्रज्ञांनीही हाती घेतला. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून १८८६ मध्ये मोसमी पावसाचा अंदाज वर्तविला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरच्या पॅसिफिक महासागरावरील हवेच्या दाबाचा आपल्या पावसाशी संबंध दाखविला. तरीही निसर्ग चकवतोच. प्रबळ एल निनो असला की आपल्याकडे पाऊस घटण्याचा संभव वाढतो. पण १९९७ साली तो असतानाही देशात पाऊस सरासरीइतका झाला.

तिसरे कारण समतेचे. ऊन, पाऊस, थंडी ही सर्वांच्या अनुभवाची गोष्ट असल्याने अपरिचितांतही हा विषय सहज निघतो. मात्र कौलारू घराला सुखावणारी सर गळक्या झोपडीला रडवते, हे आपण विसरू नये.

केवळ ओढ पुरेशी नाही. तिचे अभ्यासात रूपांतर व्हावे. सरळ कडांचे, सपाट तळाचे एक भांडे उघड्यावर ठेवून त्यात साचलेले पाणी रोज ठरल्या वेळी पट्टीने मोजावे व वहीत नोंदवावे. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. आभाळाकडे सर्वच पाहतात; आपण पाहावे, मोजावे आणि मग बोलावे.