चाळिशीत रशियन बोलायला शिकताना

रशियन शिकायला मी चाळिशी ओलांडल्यावर सुरुवात केली, पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गात. पुढे कामानिमित्त मॉस्कोत राहणं झालं. वाचन लवकर जमलं. व्याकरणाचीही धास्ती वाटली नाही, कारण विभक्ती आणि तीन लिंगं आपल्याला शाळेपासून ओळखीची आहेत. बोलणं मात्र निराळं शिकावं लागलं. या वयात जीभ वळत नाही, असं पुष्कळांनी सांगितलं. माझा अनुभव तसा नाही. जीभ वळते, पण कुठे वळायचं ते तिला नेमकं सांगावं लागतं आणि त्याआधी ते कानाला कळावं लागतं. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेलेली मुलं, नोकरीमुळे तिथे पोहोचलेली माणसं आणि केवळ हौसेनं शिकणारे यांच्या उपयोगी पडेल ते इथे लिहिते आहे.

१. उच्चार आधी ऐकण्यासाठी शिकावा.

जो ध्वनी आपण काढू शकत नाही तो समोरच्याच्या बोलण्यातही आपल्याला सापडत नाही. रशियनमध्ये हे फार लवकर जाणवतं. दुधाचा शब्द अक्षरांत 'मोलोको' असा आहे. बोलताना तो 'मलाको' होतो, आणि जोर शेवटच्या 'को'वर असतो. पुस्तकातून 'मोलोको' पाठ केलेल्या माणसाला दुकानात तो शब्द समोरून आला तरी ओळखू येत नाही. या जोराला तिथले शिक्षक 'उदारेनिये' म्हणतात. ज्या स्वरावर जोर पडतो तो लांब आणि स्वच्छ असतो, बाकीचे फिके पडतात. जोराच्या लगेच आधीचा किंवा शब्दाच्या अगदी सुरुवातीचा 'ओ' आखूड 'आ' होतो, एरवी त्याहूनही मागे असला तर आपला साधा 'अ'. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला महत्त्व आहे, पण प्रत्येक अक्षर आपण जवळजवळ सारख्याच वजनानं म्हणतो. म्हणून सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या.

आपल्या वर्तमानपत्रांतली नावं पाहा. 'गोर्बाचेव्ह' असं आपण वर्षानुवर्षं वाचलं. मॉस्कोत ते 'गर्बाचोफ' आहे आणि जोर 'चो'वर. पहिला 'ओ' जोर नसल्यानं फिका पडला. 'चे' दिसतो तो खरा 'चो', कारण त्या अक्षरावरचे दोन ठिपके छापताना बहुतेक वेळा गाळतात. शेवटचा 'व्ह' शब्दाच्या टोकाला आल्यामुळे 'फ' झाला. एका नावात तीन नियम बसले आहेत. तोच शेवटचा नियम पाव म्हणजे 'ख्ल्येब' याचा 'ख्ल्येप' करतो आणि मित्र म्हणजे 'द्रुग' याचा 'द्रुक'.

जोर कुठे पडतो हे रशियन छपाईत दाखवत नाहीत. तो फक्त शब्दकोशात, पाठ्यपुस्तकात आणि लहान मुलांच्या पुस्तकांत मिळतो. नवा शब्द वहीत घेताना त्यावर जोराची खूण नसेल तर तो शब्द अजून शिकलोच नाही असं समजा. 'मुका' याच शब्दाचा जोर शेवटी असेल तर अर्थ पीठ, पहिल्या अक्षरावर असेल तर यातना.

२. देवनागरीत लिहून घेऊ नका.

या लेखात माझा इलाज नाही, इथली देवनागरी फक्त खुणेपुरती आहे. वहीत मात्र पहिल्या दिवसापासून रशियन लिपीच असावी. तिची अक्षरं ३३ आहेत आणि ती आठवड्याभरात हाताखाली येतात. ऐकलेलं आपण आपल्या लिपीत बसवलं की ते आपल्याच ध्वनींत जाऊन बसतं. त्व्येर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरला. त्याच्या प्रवासवर्णनात चौल 'च्युविल' आहे आणि जुन्नर 'च्युनेर'. जाणत्या, हुशार माणसाचा कानसुद्धा परक्या नावाला आपल्या वळणावर आणतोच. देवनागरीत लिहून घेतलं की आपण तेच करतो. विमानाचं उड्डाण आणि 'तो पाणी घालील' यांसाठी रशियनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. देवनागरीत दोन्ही 'पाल्योत' असेच उतरतील, पण तिथल्या माणसाच्या कानाला ते स्पष्ट वेगळे असतात. तो फरक पुढे चौथ्या मुद्द्यात.

३. आपलं भांडवल ओळखा.

मराठी माणसाला काही अवघड ध्वनी जन्मतःच मिळालेले आहेत. 'त्सार' म्हणजे झार या शब्दाचा पहिला ध्वनी म्हणजे आपल्या 'चोर', 'चूल', 'चाक' यांतला 'च'. 'चहा' आणि 'चिमणी'तला 'च' हा रशियनमधला दुसरा, वेगळा ध्वनी. आपण दोन्ही एकाच अक्षरानं लिहितो आणि विचार न करता वेगळे उच्चारतो. वर्गातले हिंदी भाषक पहिल्या 'च'शी झगडत असायचे, आम्हा मराठी मंडळींना तो आयता मिळाला होता. आपले 'त' आणि 'द' दातांवरचे, रशियनमधलेही तसेच. 'र' आपल्याला येतोच.

'ष'बद्दल थोडं अधिक सांगायला हवं. शाळेत पोटफोड्या ष म्हणून शिकलो, पण बोलताना आपण तो 'श'सारखाच म्हणतो. रशियनमध्ये हा फरक जिवंत आहे. त्यांचा कठोर 'ष' जीभ मागे वळवून म्हणावा लागतो. दुसरा 'श' मृदू आणि लांब असतो. ज्यांनी लहानपणी संस्कृत श्लोक नीट म्हटले असतील त्यांनी तो 'ष' पुन्हा बाहेर काढावा. साशा नावाची मुलगी रस्त्यानं चालत कडक गोल बिस्किट चोखते, असं एक जुनं जिभेला पीळ देणारं वाक्य तिथे प्रत्येक मुलाला येतं. 'स' आणि 'ष' वेगळे ठेवायला त्याच्यासारखा सराव नाही.

काही ठिकाणी मराठी सवय आड येते. रशियन 'ख' म्हणताना घसा कुठेही बंद होत नाही, नुसती हवा घासून जाते. 'व' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. त्यांचा कठोर 'ल' म्हणजे आपला 'ळ' अजिबात नाही. जिभेचं टोक दाताशीच राहतं आणि जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो.

४. मृदू व्यंजनं म्हणजे निम्मी रशियन.

रशियनमधली बहुतेक व्यंजनं जोडीनं येतात, एक कठोर आणि एक मृदू. मृदू म्हणजे व्यंजनाला 'य' जोडणं असं मराठी माणसाला वाटतं, कारण बाराखडीत आणि जोडाक्षरांत आपण तसंच शिकलो. प्रत्यक्षात व्यंजन म्हणतानाच जिभेचा मधला भाग टाळूकडे चढलेला असतो. 'य' मागून येत नाही. उड्डाणाच्या शब्दात 'ल' नुसता मृदू आहे. पाणी घालण्याच्या शब्दात मृदू 'ल' झाल्यावर वेगळा 'य'ही ऐकू येतो.

इथे आपली जुनी वर्णमाला कामी येते: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. मुलं नुसतं ऐकून उचलतात. मोठ्यांना जागा सांगितली की हुकमी करता येतं, आणि हा मोठ्या वयाचा खरा फायदा आहे. 'पंच' म्हणा आणि 'च'च्या आधी थांबा. जीभ जिथे टेकलेली असेल तिथे रशियन मृदू 'न' आहे. ओठांवरची व्यंजनं जास्त कठीण. सातासाठी शब्द आहे 'स्येम', शेवटचा 'म' मृदू. ओठ मिटलेले असतानाच आत जीभ 'ई'च्या जागी गेलेली हवी. बाहेरून काहीच दिसत नाही, पण ऐकणाऱ्याला कळतं. आमच्या बाई प्रत्येकाला हातात छोटा आरसा धरायला लावत. ओठ हलले तर चूक, हललं पाहिजे ते आत. हा सराव मी बसमध्येही करत असे.

डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. रक्ताचा शब्द 'क्रोफ' असा ऐकू येतो आणि त्यातला 'फ' मृदू आहे. तोच 'फ' कठोर केला तर अर्थ होतो निवारा. दुखण्याच्या शब्दात शेवटचा 'ल' मृदू आहे. रुग्ण वयस्कर असेल, घाबरलेला असेल, तर त्याला आपलं बोलणं जुळवून घ्यायला लावणं बरं नाही.

५. ई आणि उ यांच्यामधला स्वर.

हा स्वर मराठीत नाही. 'उ' म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि ओठ हसल्यासारखे पसरा. जे निघेल ते जवळपास बरोबर असतं. 'तो होता' आणि 'तो मारत होता' यांतला फरक रशियनमध्ये याच स्वरावर उभा आहे.

६. एक वाक्य धरून बसा.

माझं वाक्य मेट्रोनं दिलं. दारं बंद होताना घोषणा होते: 'आस्तारोझ्न, द्व्येरी झक्रिवायुत्सा', म्हणजे सांभाळा, दारं बंद होत आहेत. या तीन शब्दांत जवळजवळ सगळा अभ्यासक्रम आहे. पहिल्या शब्दात चार 'ओ' लिहिलेले आहेत आणि स्वच्छ ऐकू येतो एकच. दुसऱ्यात 'व' आणि 'र' मृदू. तिसऱ्यात ई-उ यांच्यामधला तो स्वर, आणि शेवटी लिहिलेल्या 'त्स्या'चा उच्चार चोरातल्या 'च'नं.

मॉस्कोच्या वर्तुळाकार मार्गावर १२ स्थानकं आहेत आणि पूर्ण फेरीला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे एका फेरीत तेच वाक्य १२ वेळा, दर वेळी नव्या स्थानकाच्या नावासह. 'कोम्सोमोल्स्काया' लिहिलेलं, ऐकू येतं 'कम्सामोल्स्कया'. गाडी घड्याळाच्या दिशेनं जात असेल तर आवाज पुरुषाचा, उलट जात असेल तर बाईचा. मी माझ्या पट्टीला जुळतो म्हणून बाईंच्या आवाजाचीच गाडी धरत असे आणि तिच्यासोबत ओठांतल्या ओठांत म्हणत असे. गर्दीत कुणाचं लक्षही जात नाही. मेट्रो हाताशी नसेल तर घोषणांचं ध्वनिमुद्रण चालेल. आपला आवाज मुद्रित करून शेजारी ठेवा आणि एकेक शब्द ताडून पाहा. शंभर वाक्यं अर्धवट म्हणण्यापेक्षा एक वाक्य पूर्ण घासलेलं जास्त उपयोगी पडतं, कारण त्यातले ध्वनी पुढे प्रत्येक वाक्यात भेटतात.

७. प्रश्न सुरानं विचारायचा असतो.

मराठीत शेवटी 'का' लावला की प्रश्न होतो. रशियनमध्ये शब्द तेच, क्रमही तोच, बदलतो फक्त सूर. येलेना ब्रिझ्गुनोवा या ध्वनिशास्त्रज्ञ बाईंनी रशियन सुरांची सात वळणं मांडली आणि परदेशी विद्यार्थ्यांना ती क्रमांकानं शिकवतात. हो-नाहीच्या प्रश्नाला तिसरं वळण. ज्या शब्दाबद्दल विचारायचं त्याच्या जोराच्या अक्षरावर आवाज एकदम वर जातो आणि लगेच खाली येतो. 'तुम्हीच मॉस्कोत होतात का?' आणि 'तुम्ही मॉस्कोतच होतात का?' यांत आपण 'च' जिथे लावतो, तिथेच रशियन माणूस आवाज उचलतो. ही खूणगाठ मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, पण मी सांगितली त्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ती लगेच पटली. आवाज वाक्याच्या शेवटपर्यंत चढता ठेवला तर ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट पाहत राहतो.

८. नाव आणि वडिलांचं नाव.

मोठ्या माणसाला नावानं आणि वडिलांच्या नावानं हाक मारायची. ही रीत आपल्याला परकी नाही. बोलताना ती जोडी आक्रसते: अल्येक्सांद्र अल्येक्सांद्रोविच हे 'सान सानिच' होतात. ओळखायला शिका, पण स्वतः सुरुवातीला पूर्ण म्हणा.

९. मुलांच्या कविता पाठ करा.

कोर्नेय चुकोव्स्की यांची 'मोयदोदीर' १९२३ साली आली, अग्निया बार्तो यांची 'खेळणी' १९३६ साली. रशियातल्या कुठल्याही घरात त्या आजही पाठ असतात. आपली वृत्तं लघु-गुरूवर चालतात, त्यांची जोरावर. त्यामुळे जोर चुकला की ओळ अडते आणि चूक सांगायला शिक्षक लागत नाही. मोठ्यांनी मुलांच्या कविता म्हणायला लाजू नये. मी शेजारच्या आजींसमोर म्हणत असे. त्या एखाद्या स्वरापाशी थांबवत आणि पुन्हा म्हणायला लावत, आणि रशियन आपलीशी वाटायला लागली ती त्यांच्या स्वयंपाकघरात.

१०. फोनसाठी वेगळी तयारी लागते.

फोनवर ओठ दिसत नाहीत, हातवारे चालत नाहीत. दवाखान्यात वेळ घ्यायची असली की आधी आडनाव विचारतात. रशियन माणसं अक्षरं नावांनी सांगतात: 'अ'साठी आन्ना, 'ब'साठी बारीस, 'न'साठी निकलाय. आपलं आडनाव असं फोडून तोंडपाठ ठेवा. 'कुलकर्णी' हे कान्स्तान्तीन, उल्याना, ल्येअनीद, मग पुन्हा कान्स्तान्तीन, आन्ना, रमान, निकलाय, इवान. कागदपत्रांवर 'ल'नंतर मृदू चिन्ह असेल तर 'म्याख्की झ्नाक' असं तेही सांगावं लागतं. सावकाश सांगा, प्रत्येक नावाचा जोर जागेवर ठेवा. सांगून झालं की समोरच्याला ते परत वाचून दाखवायला सांगा आणि कागदावर बोट ठेवून ऐका. एखादं अक्षर राहिलं असेल तर ते तिथेच पकडता येतं.