रोजा आणि बी-१२चे उपचार



रमजान जवळ आला की अर्धापूरसारख्या गावांतून एक प्रश्न हमखास पुढे येतो. हातापायांना मुंग्या येतात, थोडे चालले तरी थकवा जाणवतो, डॉक्टरांनी बी-१२ कमी असल्याचे सांगून आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिले आहे. ते रोजा असताना घ्यावे काय? पुष्कळजण तर विचारतही नाहीत, उपचारच ईदनंतरवर ढकलतात. यात खरा धोका आहे. या जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जातंतूंना झालेली इजा फार काळ दुर्लक्षित राहिली, तर ती पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

रोजा मोडतो तो खाण्यापिण्याने, अथवा जे खाण्यापिण्याची जागा घेते त्याने. दंडात टोचलेले बी-१२ पोटात जात नाही आणि भूकही भागवत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली जेद्दाह येथील अधिवेशनात निर्णय दिला की, त्वचेखाली, स्नायूत किंवा शिरेत दिलेल्या औषधी इंजेक्शनाने रोजा मोडत नाही. अपवाद केवळ पोषण देणाऱ्या द्रवांचा व इंजेक्शनांचा. म्हणून बी-१२चे इंजेक्शन वेगळे आणि 'ताकदीसाठी' लावलेली ग्लुकोजची बाटली वेगळी. बाटलीसंबंधी उलमांमध्ये मतभेद आहेत. तशी वेळ आल्यास आपल्या आलिमांना विचारावे. मात्र रोजा सोपा जावा एवढ्यासाठीच सलाइन लावून घेणे रोजाच्या हेतूशी जुळत नाही, असे आम्हांस वाटते.

गोळी गिळली की रोजा मोडतो, हे उघड आहे. पण बी-१२ची गोळी दिवसाच घ्यावी असे मुळीच नाही. ती इफ्तारनंतर घेता येते. जिभेखाली विरघळणारी गोळीही रात्रीच घ्यावी, कारण तिचा अंश लाळेबरोबर गिळला जातोच.

"आमच्या घरी मांस शिजते, आम्हांला ही कमतरता कशी?" असे अनेकांना वाटते. बी-१२ कलेजी, मांस, मासे, अंडी व दूध यांतून मिळते. ज्वारीत, तूरडाळीत ते नाही; आणि अर्धापूरची ओळख असलेली केळी इफ्तारच्या दस्तरखानावर कितीही शोभली, तरी तिच्यातही नाही. ज्या घरात सर्वांना वाढून झाल्यावर गृहिणी बसते, तेथे तिच्या वाट्याला बहुधा रस्साच उरतो. शिवाय मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२चे शोषण घटते. अशांनी मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करावी.

गृहिणीची ही उपेक्षा जुनी आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्लंडची डॉक्टर मुंबईत आली आणि तिने गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. सर्वांत निकृष्ट आहार आणि सर्वाधिक रक्तक्षय तिला गरीब मुस्लिम स्त्रियांत आढळला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होऊ लागल्या. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. बी-१२ हे त्याहून निराळे आणि १९४८ साली वेगळे काढले गेलेले. हा भेद घरोघरी माहीत हवा. सरकारी दवाखान्यातील लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदरपणात अवश्य घ्याव्यात. पण बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेले दिसते, मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते. १९९०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी आसपासच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांना तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ कमी होते, फॉलेट मात्र क्वचितच कमी होते.

इंजेक्शन की गोळी, हे डॉक्टर ठरवतील. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम असते. पोटातील शोषणाची नेहमीची वाट बंद असली, तरी मोठ्या मात्रेचा सुमारे शंभरावा भाग शरीरात उतरतो. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहाएक मिळतात. म्हणून पुष्कळांना गोळी पुरते. मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे अशी लक्षणे असतील, तर मात्र सुरुवात सहसा इंजेक्शनाने होते.

अशक्तपणा इतका असेल की डॉक्टर रोजालाच मनाई करतील, तर अल्लाहने दिव्य कुरआनच्या सूरह अल्-बकरामध्ये रुग्णाला इतर दिवशी संख्या पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. हा आजार बहुधा बरा होणारा असल्याने येथे फिदया देऊन भागत नाही; प्रकृती सुधारल्यावर कजा रोजे ठेवावे लागतात. ते सलग ठेवण्याचे बंधन नाही, आणि थंडीतील दिवस लहान असतात.