दौंडच्या शाखेतली दुसरी प्रत

शिरूरला मुख्य कार्यालय आणि दौंडला शाखा असलेल्या एका पतसंस्थेच्या संगणकांचं काम मी पाहायचो. शिरूरशी जोडणारी लाइन गेली तरी दौंडच्या काउंटरवर दूधवाल्यांचे, ऊसवाल्यांचे पैसे अडू नयेत म्हणून खातेदारांची सगळी माहिती दोन्हीकडच्या सर्व्हरवर असायची आणि दोन्ही प्रती आपोआप जुळत राहायच्या. सोय चांगलीच. पण शिरूरचा सर्व्हर कुलपाच्या खोलीत, आणि दौंडचा काउंटरमागे, सगळ्या स्टाफला पाठ असलेल्या एकाच पासवर्डवर. तो सर्व्हर जुना झाला तेव्हा डिस्कसकट भंगारात गेला. पुढे एका दुरुस्तीच्या दुकानात सापडला. डिस्क जोडून पाहिली, तर नावं, आधार, पॅन, मोबाइल, सह्यांचे नमुने, सगळं उघडं! मधल्या काळात कुणी नक्कल काढली असेल का, हे कुणालाच सांगता येईना. पासवर्ड बदलता येतो, आधार क्रमांक आयुष्यभराचा. माणसांनी विश्वासाने दिलेली माहिती होती ती.

म्हणून सांगतो, माहितीची सुरक्षा तिच्या सर्वांत दुबळ्या प्रतीएवढीच असते. डिस्क आणि बॅकअप एन्क्रिप्ट करा, पण किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका. कुलपालाच किल्ली टांगण्यासारखं होतं ते. आधार क्रमांक एन्क्रिप्ट करून वेगळ्या व्हॉल्टमध्ये ठेवावेत, इतर तक्त्यांत फक्त संदर्भ क्रमांक असावा, असं आधार प्राधिकरणाने 2017 मध्येच बजावलं आहे. दौंडला फक्त दौंडच्या खातेदारांची माहिती पुरते. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या. डिलीट केल्याने डिस्क पुसली जात नाही; ती नीट पुसा किंवा फोडा.

सर्व्हरनेही सर्व्हरवर आंधळा विश्वास ठेवू नये. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, तेव्हा एटीएमच्या मागण्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत. मध्ये बसवलेल्या बनावट यंत्रणेनेच त्या मंजूर केल्या. बँकांमधल्या स्विफ्ट संदेशप्रणालीमार्गे हाँगकाँगला गेलेली रक्कम धरून 94 कोटींहून अधिक रुपये गेले. शाखांमधली वाहतूकही एन्क्रिप्ट हवी, आणि दोन्ही टोकांनी एकमेकांचं प्रमाणपत्र तपासायला हवं.

आणि काही घडलंच तर झाकू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवणं 2022 पासून बंधनकारक आहे.

संचालकांनो, पुढच्या सभेत एवढं विचाराच: आपल्या खातेदारांच्या माहितीच्या प्रती आज नेमक्या कुठे कुठे आहेत? उत्तर लेखी घ्या.