मागचा पत्रा कापू देऊ नका

गाडीचा पुढचा मडगार्ड बोल्टवर बसलेला असतो. बिघडला तर खोलायचा, दुसरा आणायचा, रंग मारून बसवायचा. मागचा तसा नसतो. मागच्या चाकावरचा पत्रा म्हणजे क्वार्टर पॅनल. तो मागच्या खांबापासून डिकीच्या तोंडापर्यंत एकसंध असतो आणि सांगाड्याला स्पॉट वेल्डिंगने जोडलेला असतो. तो कापला की कापला. रोज गाड्यांचे पत्रे हाताळणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं, असं मला कुणी सांगू नये. ज्या गॅरेजवाल्याकडे मी गाडी दिली त्याला माहीत होतं. माहीत असून कापला, आणि मला न विचारता कापला.

गाडी 2010 ची स्विफ्ट, झेडएक्सआय. 14 इंची चाकं, 185/70 चे टायर. मला 16 इंची अलॉयवर 205/50 बसवायचे होते. हौस होती, आणि हौसेबद्दल मी कुणाला स्पष्टीकरण देणार नाही. पण हौसेपायी डोळे मिटून गॅरेजात शिरणाऱ्यांपैकी मी नाही. हिशेब आधी केला होता. जुन्या टायरचा बाहेरचा व्यास 615 मिलिमीटरच्या आसपास भरतो, नव्याचा 611. म्हणजे स्पीडोमीटरला धक्का नाही. जुना रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये) ET45. नवा सात इंच, ET35. दीड इंचाची वाढ म्हणजे 38 मिलिमीटर, त्यातले निम्मे 19 बाहेर. ऑफसेट दहाने कमी झाला, ते दहाही बाहेरच. रिमची बाहेरची कड एकूण 29 मिलिमीटर बाहेर येणार आणि आतली नऊ मिलिमीटर आत, शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूला. हे मी कागदावर मांडून पुण्यातल्या त्या गॅरेजवाल्याच्या टेबलावर ठेवलं होतं. त्याने कागदाकडे पाहिलंही नाही. "सर, टेन्शन घेऊ नका, आपण रोज करतो," म्हणाला.

इथे एक सांगून ठेवतो. चाक घेताना लोक फक्त इंच आणि पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, विचारतात. पीसीडी जुळला म्हणजे चाक हबवर चढतं, एवढंच. ते मडगार्डमध्ये बसेल की नाही हे ऑफसेट ठरवतो, आणि तो रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. दुकानदाराने तोंडी सांगितलेला आकडा धरू नका, स्वतः वाकून वाचा. मधल्या भोकाचं मापही बघा. स्विफ्टचा हब 54.1 मिलिमीटरचा आहे. रिमचं भोक मोठं असेल तर मध्ये रिंग हवी, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात.

मी गॅरेजला काय सांगितलं होतं, तो मेसेज आजही माझ्या फोनवर आहे. "चारही लिप फक्त रोल. कटिंग नाही. मागे दोन पोती ठेवून टेस्ट करा." खाली त्याचा अंगठा. आता यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं?

रोल म्हणजे मडगार्डची आत वळलेली सेंटिमीटरभराची पट्टी, म्हणजेच लिप, दाबून वर पाडायची. त्याचं हत्यार असतं. ते हबवर बोल्टने बसतं आणि त्याच्या टोकाला रोलर असतो. पट्टीवर हीट गन फिरवत राहायचं, रंग हाताला चांगला गरम लागेपर्यंत, आणि रोलर थोडा थोडा दाबत पुढे-मागे फिरवायचा. एका फेरीत थोडंच. थंड पत्र्यावर घाईने दाबलं की रंगाला केसासारख्या चिरा पडतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. पूर्वी पुटी भरलेला पत्रा असेल तर ती कितीही गरम केली तरी फुटणारच. ज्याच्या गाडीला आधी मागून ठोकर बसली आहे त्याने हे काम करूच नये.

मागे ही पट्टी दोन पत्र्यांची असते. बाहेरचा क्वार्टर पॅनल आणि आतला चाकाचा कोनाडा, दोघांच्या कडा इथेच एकत्र येतात, स्पॉटने सांधलेल्या, वरून सीलर. त्यामुळे रोल करायला वेळ लागतो, ताकद लागते. ग्राइंडरने कापायला मात्र चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. पण कापलं की त्या पट्टीबरोबर सांधाही जातो. दोन पत्रे मोकळे होतात आणि मधली पोकळी उघडी पडते.

गाडी हातात आली तेव्हा बाहेरून सुरेख दिसत होती. कोनाड्यात आतून काळा अंडरबॉडी कोट मारलेला, त्याखाली काय आहे ते दिसायची सोय नव्हती. मी विचारलं, "पोती ठेवून बघितलं?" "हो सर, सगळं ओके." शहरात एकटा फिरत होतो तोवर आवाज नाही.

मग घरची सगळी मंडळी घेऊन कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. आम्ही पाच माणसं, डिकीत सामान. आंबा घाट उतरताना डावीकडच्या प्रत्येक वळणावर उजव्या मागच्या चाकातून खर्रर्र असा आवाज. आई म्हणाली, खडा अडकला असेल. खडा वळण बघून वाजत नाही. साखरप्याला गाडी बाजूला घेतली आणि वाकून पाहिलं. टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून, अगदी कडेने, रबराची पातळ फीत निघून लोंबत होती. सुरीने काकडीचं साल काढावं तशी. मी हात कोनाड्यात घातला आणि पट्टी चाचपली. रोल केलेली लिप बोटाला गोल लागते, घडी घातलेल्या कापडाच्या काठाइतकी मऊ नव्हे, तरी बोथट. मला तिथे उघडी धार लागली. बोटातून रक्त आलं तेव्हा कळलं की लिप नाहीच.

हे मी ठासून सांगतो, कारण यात जीव जाऊ शकतो. रोल केलेल्या पट्टीला टायर घासला तर रबर झिजतं, आवाज होतो, जळका वास येतो, तुम्ही सावध होता. कापलेला पत्रा टायर चिरतो. आणि टायरची बाजू चिरली तर तिचं पंक्चर काढता येत नाही, टायर फेकावाच लागतो. घाटात, पाच माणसांसह, ती चीर आणखी खोल गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार त्या माणसाने ग्राइंडर हातात घेताना केला नाही. स्टेपनी जुनीच 14 इंची होती. ती लावून आम्ही हळूहळू रत्नागिरी गाठली.

गॅरेजवाल्याला फोन केला. पहिलं वाक्य: "सर, नुसतं रोल करून भागलं नसतं, म्हणून पोराने थोडंसं ट्रिम केलं." थोडंसं! मग मला विचारलं का नाही? रोल करून भागत नसेल तर मला सांगायचं होतं. मी ऑफसेट जास्त असलेला रिम घेतला असता किंवा 195/60 आर 15 वर आलो असतो. त्याचा व्यासही मूळच्या टायरइतकाच आहे आणि रुंदीत फक्त एक सेंटिमीटरचा फरक. त्याने फोटो मागवले, मी पाठवले. त्यानंतर सूर बदलला. "घाटात पाच माणसं आणि सामान नेलंत तर घासणारच ना सर." पाच सीटच्या गाडीत पाच माणसं बसवली हा माझा दोष झाला! पोती ठेवून बघा, हे मी कशासाठी लिहिलं होतं? त्यानंतर फोन उचलणं बंद. आणि आमच्या दोघांच्या ओळखीच्या एकाजवळ म्हणे बोलला की, गिऱ्हाईक स्वस्तात काम करून घेतं आणि मग कटकट करतं. मी एक रुपया कमी केलेला नव्हता. त्याने सांगितली ती रक्कम दिली.

पावसाळा सुरू झाल्यावर डिकीत कुबट वास यायला लागला. गालिचा उचलला तर स्टेपनीच्या खळग्यात पाणी. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या डेंटरकडे गाडी नेली. त्याने डिकीच्या आतलं प्लास्टिकचं ट्रिम काढलं आणि मला आत डोकं घालायला सांगितलं. उजव्या बाजूला, चाकाच्या कमानीवर, हातभर लांब फटीतून बाहेरचा उजेड दिसत होता. ती फट पुटीने बुजवून वर काळा कोट मारला होता. गाडीच्या हादऱ्यांनी पुटी तडकून पडली होती आणि चाकाने उडवलेलं पाणी सरळ आत येत होतं. डेंटर म्हणाला, "साहेब, ह्यो पत्रा कापलाय कुणी? हितं जोड हुता की." त्याला मी काय उत्तर देणार?

त्याने काम कसं केलं ते सांगतो, कारण असं काम करणारा माणूस ओळखायला ते उपयोगी पडेल. आधी बॅटरीचं टोक काढलं. आतलं अस्तर, वायरिंग बाजूला केलं. ज्या बाजूला पेट्रोल भरायचं तोंड असतं तिकडे टाकीची नळी कोनाड्याजवळूनच जाते, तिथे ठिणगी पडू नये म्हणून ओलं फडकं आणि पत्र्याचा आडोसा. पुटी पूर्ण खरवडून उघडा पत्रा दिसेपर्यंत घासलं. नव्या पत्र्याची पट्टी कमानीला बेतून दोन्ही पत्र्यांना सांधली. एक टाका इकडे, मग दुसऱ्या टोकाला, पत्रा तापून वाकू नये म्हणून मध्ये थांबत. मग झिंक प्रायमर, सीलर, रंग, आणि आतून पोकळीत मेणाचा फवारा. एवढं झालं तरी कारखान्यातला जोड तो कारखान्यातलाच. तो परत येत नाही.

आता कायद्याचं. "सगळेच करतात सर" हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं: बेकायदा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. मालकाला, हे लक्षात घ्या. ग्राइंडर चालवणारा मोकळा, आरटीओसमोर उभे तुम्ही. काटेकोर वाचलं तर रुंद चाकंही यात येऊ शकतात, म्हणून कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला जो साइज दिला आहे तिथपर्यंत थांबणं सगळ्यांत सुरक्षित. माझ्या गाडीची 15 वर्षं भरली, रीपासिंग करायचं होतं, आणि मूळ पत्रा कापलेली गाडी तपासणीला न्यायची वेळ त्या माणसाने माझ्यावर आणली. विमा कंपनीलाही बदल आधी कळवावा लागतो. न कळवता अपघात झाला तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.

चाचणीची एक पद्धत सांगतो, ती कुठलंच गॅरेज आपणहून करत नाही. मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्यायची, तिचे बोटभर जाड गोळे कमानीच्या आतल्या कडेला चार-पाच ठिकाणी चिकटवायचे, मागे माणसं बसवायची आणि स्पीडब्रेकरवरून, मग एकच चाक खड्ड्यात जाईल अशा रस्त्यावरून न्यायचं. एकच चाक महत्त्वाचं, कारण तेव्हा ते जास्तीत जास्त वर येतं. परत येऊन गोळे किती दबले ते पाहायचं. गोळा कागदासारखा चपटा झाला असेल तर ते चाक तुमच्या गाडीचं नाही. पुढे हीच चाचणी स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे वळवून करायची आणि आतून लाइनर व ब्रेकची रबरी नळीही पाहायची. याला अर्धा तास लागतो. माझ्या गाडीवर कुणी तेवढा वेळ दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बिल घ्या. पक्कं, जीएसटीचं, आणि त्यावर "फेंडर रोल, कटिंग नाही" असं काम लिहून. मला कच्च्या चिठ्ठीवर फक्त रक्कम मिळाली. मी मागितलं तेव्हा "पाठवतो सर" झालं. तरी मेसेज आणि पैसे पाठवल्याची नोंद पुरेशी आहे असं वकिलाने सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी तक्रार तयार केली आहे. डेंटरने काढलेली पुटीची खपली पिशवीत घालून ठेवली आहे, तिच्या एका बाजूला काळा कोट आहे आणि दुसऱ्या बाजूला ग्राइंडरने कापलेल्या कडेचा ठसा.

स्प्रिंग कापून गाडी खाली आणायला कुणी सांगितलं तर तिथून निघा. स्पेसर लावून चाक बाहेर काढायला सांगितलं तरी निघा. काम चालू असताना तिथे थांबू देत नसतील तर गाडी देऊच नका.

आणि ज्यांच्या गाडीचा पत्रा आधीच कापला गेला आहे त्यांनी पावसाची वाट पाहू नका. आजच डिकीचं ट्रिम उघडा, रात्री बाहेरून चाकाच्या कोनाड्यात टॉर्च धरायला कुणाला तरी सांगा आणि आतून बघा. उजेड दिसला तर रुंद टायर लगेच उतरवा, जुने चढवा, आणि पुटी नव्हे, पत्रा लावणारा माणूस शोधा.